अंक एक्केचाळीस

गुळगुळीत कागदाच्या पुड्या वळत नाहीत,
म्हणून भवरलाल तो गठ्ठा वेगळा ठेवायचा
दारामागे, पायपुसण्याशेजारी, दोन रुपये किलो.
आपटे रस्त्यावरची खोली सोडून गेलेल्या
कुणा इराणी विद्यार्थ्याचा होता म्हणे.
सत्त्याऐंशी साल, नववीची सहामाही नुकतीच संपलेली.
हर्डीकरने वरचं मासिक उचललं:
होडीत उभी एक शिंगं असलेली बाई, हातात कंदील,
मागे पाण्यातून वर आलेले कळस,
देवळांचे नव्हेत; कशाचे, ते अजून सांगता येत नाही.

किंमत पौंडात छापलेली.
तराजूत पावणेदोनशे ग्रॅम.
भवरलाल म्हणाला, पस्तीस पैसे, आणि लवकर, चहा निवतोय.

त्या देशाचं नाव ओर्थवेल.
रियाज तांबोळी म्हणायचा ओर्थवेल,
संज्योत म्हणायची ऑर्थवेल,
आणि त्यावरून नदीकाठच्या कठड्यावर बसून
आम्ही सव्वा तास भांडलो,
जसा काही तिथला सातबारा आमच्या नावावर होता.

खेळाचे नियम त्यात नव्हतेच.
नियमांचं पुस्तक तुमच्याकडे असणारच
असं धरून चालली होती ती माणसं.
वीस बाजूंचा फासा लागतो, एवढं कळलं.
असा फासा तुळशीबागेतही मिळाला नाही.
(दुकानदार म्हणाला, सहा बाजूंनी काय कमी पडतंय?)
मग संज्योतने मंडळाच्या हाऊजीतल्या
एक ते वीस सोंगट्या आणल्या
आणि मोज्यात भरल्या.
मोजा हर्डीकरचा. धुतलेला, असं तो म्हणे.

दिवाळीनंतर चव्वेचाळीसावा अंक मिळाला.
एक्केचाळीसमध्ये राजा शिकारीला निघालेला,
चव्वेचाळीसमध्ये त्याचं तेरावंही उरकलेलं.
मधले दोन अंक
कुठल्याशा शाळेच्या पुठ्ठाकामाला गेले होते.
रियाजने राजाला विष घातलं.
मी कड्यावरून ढकलला.
हर्डीकरच्या मते सेनापतीच, दुसरं कोण.
संज्योत म्हणाली, मेलाच नाही तो,
कंटाळला आणि निघून गेला,
दाढी वाढवून कुठेतरी होडी वल्हवतोय.
आम्ही हसलो तिला.
पण पुढचं वर्षभर कुठलाही नावाडी भेटला
की चौघेही त्याच्याशी जरा अदबीने बोलायचो.

नकाशा मधल्या पानावर होता, तोही अर्धाच,
पिना उपटून खालचं पान कुणी नेलेलं.
वह्यांना घालायच्या खाकी कागदावर
उरलेला देश आम्ही काढला:
एकशेतीन पायऱ्यांचा किल्ला,
चोरांचं शहर, ते नळस्टॉपला,
एक पूल, ज्यावरून जाताना
पुलाच्या राखणदाराला खरं बोलावं लागतं,
आणि दुपारी एक ते चार बंद असणारा जादूगार.

आता हर्डीकर टोरांटोत आहे.
गेल्या मार्चमध्ये त्याने पार्सल पाठवलं,
तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जमवलेले
सगळे अंक, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वास नसलेले.
बेचाळीस, पान नऊ: राजा तापाने गेला.
दोन ओळी.
आणि अखंड नकाशा.
खालच्या पानावर समुद्र. नुसता समुद्र,
कोपऱ्यात दिशा दाखवणारा बाण,
आणि एक मासा, तोही शोभेचा.

मी संज्योतला फोन केला.
ती महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे,
कुठली तरी पाइपलाइन फुटली होती, मागे गलका.
सगळं ऐकून घेतलं तिने, मग म्हणाली,
समुद्र आहे म्हणजे होडी लागणारच ना.
मी म्हटलं होतं.
आणि फोन ठेवला.

रियाजला अजून सांगितलेलं नाही.
त्याच्याकडे तो मोजा आहे.
त्यात सतराची सोंगटी पहिल्यापासूनच नव्हती,
हे आम्हाला बारावीत कळलं.
म्हणजे ओर्थवेलमध्ये
कधीच कुणाला सतरा पडले नाहीत,
आणि सतराच पाहिजेत म्हणून
किती जण त्या पुलावर थांबले होते.